मुदतीची सनद

प्रतापगडाच्या पायथ्याशी इ. स. १६५९ मध्ये अफझलखानाच्या फौजेचा मोड झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद करून ठेवले आहे. त्या प्रसंगी कारीच्या जेध्यांची आणि हिरडस मावळच्या बांदलांची माणसे हजर होती, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातील डोंगरउतारावरची माणसे हजर होती. तेव्हा त्या होनांपैकी काही होन नीरेच्या खोऱ्यातील घरांत आले असतील, असे मानण्यास हरकत नाही. परंतु त्या जखमा प्रथम कोणी बांधल्या, वाहते रक्त कशाने थोपवले, आणि चालता न येणारा गडी कोणाच्या खांद्यावरून घाट चढून घरी पोचला, याविषयी बखरकार एक अक्षरही लिहीत नाही. दफ्तराचा स्वभावच असा, की सरकारातून ज्याला पैसा मिळाला त्याची नोंद ते चोख ठेवते. पैशावाचून झालेल्या कामाची नोंद ठेवण्याचे त्याला प्रयोजन पडत नाही. प्रथमोपचाराचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास म्हणूनच दफ्तराच्या समासातून चालावे लागते.

ते काम करणारे लोक मात्र होतेच, आणि त्यांचा हक्क वतनासारखाच वंशपरंपरेने चालत आलेला होता. गावचा न्हावी श्मश्रूबरोबर तुंबडी लावी, गळू फोडी, जखम धुई. निखळलेला खांदा बसवण्यास हाडवैद्याकडे जावे लागे. बाळंतीण सुईणीच्या स्वाधीन असे. आणि साप चावला, तर भगताला किंवा देवऋषीला बोलावणे जाई. या विद्येस परीक्षा नव्हती, दाखला नव्हता, बापाचा हात मुलाने पाहिला एवढाच तिचा पाठ होता. तिला हसण्याचा मोह आजच्या वाचकास होतो, म्हणून एक हकिकत येथे सांगणे अवश्य आहे. इ. स. १७९२ च्या मोहिमेत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्यात विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी फिरवून त्यास नवे नाक बसवून दिले, आणि हा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात चित्रासह छापून आल्यावर विलायतेच्या शस्त्रवैद्यांनी ती रीत गिरवण्यास घेतली. वंशपरंपरेने आलेली विद्या अडाणीच असते, हा समज एवढ्या एका नाकापुढे टिकत नाही. तिचा दोष निराळा होता. तिच्यात बरे आणि वाईट यांची सरमिसळ झालेली असे, आणि वाईट निवडून टाकण्याची कोणतीही तजवीज तिच्यापाशी नव्हती.

सुईणीचेच पाहा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जन्मतःच निश्चेष्ट पडलेल्या बालकाच्या कानांच्या मुळाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर पाणी शिंपडावे आणि सुपाने वारा घालावा, असा विधी सांगितला आहे. मूल रडले नाही तर त्याच्याजवळ थाळी वाजवण्याचा जो प्रघात सुइणींत होता, तो या शास्त्रवचनाचा दूरचा वंशज असावा असे मला वाटते. आणि त्यात तथ्यही आहे, कारण श्वास न घेणारे अर्भक पुसल्याने, चोळल्याने, तळव्यावर टिचकी मारल्याने पुष्कळदा श्वास घेऊ लागते. परंतु तेवढ्याने ते रडले नाही तर पुढे काय, याचे उत्तर थाळीपाशी नव्हते, आणि मग ते मूल देवाने नेले असे म्हणून घरची मंडळी गप्प बसत.

बुडालेल्या माणसाची गोष्टही याच जातीची. त्याला कुंभाराच्या चाकावर पालथा घालून गरगर फिरवावा, म्हणजे पोटातले पाणी पडून तो शुद्धीवर येतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि वृद्ध माणसांच्या तोंडून आजही ऐकू येते. युरोपातील लोक त्या काळी यापेक्षा शहाणे होते असे मुळीच नव्हे. ॲम्स्टरडॅम शहरात १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, तिच्या धर्तीवर १७७४ मध्ये लंडनमध्ये दुसरी निघाली, आणि या सन्मान्य गृहस्थांच्या उपचारांत बेशुद्ध माणसाच्या गुदद्वारातून भात्याने तमाखूचा धूर भरणे हा एक प्रमुख उपचार होता. कोणी त्याला पिंपावर पालथा घालून पुढेमागे लोटी. आश्चर्य याचे, की तोंडाला तोंड लावून श्वास भरण्याची शिफारस पॅरिसच्या विद्वत्सभेने १७४० सालीच केली होती. खरी युक्ती हातात येऊनही ती टाकून देऊन लोक धुराच्या मागे गेले, आणि ती युक्ती पुन्हा सापडण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

भोर संस्थानात पाण्याचे भय पूर्वी पावसाळ्यापुरते होते. ओढ्यास लोंढा आला की माणूस जायचा, एरवी नदी गुडघाभर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघर येथे येळवंडी नदीवर पहिला बांध पडला, आणि १९२८ साली त्याच ठिकाणी मोठे लॉईड धरण पुरे झाले, तेव्हा संस्थानाच्या पोटात बारमाही खोल पाणी येऊन उभे राहिले. पुढे पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर असे एकामागून एक जलाशय झाले आणि भोर-वेल्ह्याच्या नकाशावर भातखाचरांच्या जागी निळा रंग पसरला. ज्या पिढ्यांना पोहण्यास शिकण्याचे कारण पडले नव्हते, त्यांच्या अंगणाशी पाणी आले. मे २०२२ मध्ये भाटघरच्या फुगवट्यात नऱ्हे गावाजवळ एकाच कुटुंबातील पाच स्त्रिया बुडाल्या, ही घटना पुष्कळांच्या स्मरणात असेल.

आता जिला आपण प्रथमोपचार म्हणतो ती संघटित, परीक्षा घेऊन दाखला देणारी विद्या युद्धभूमीवर जन्मास आली. कील येथील जर्मन शस्त्रवैद्य एस्मार्क यांनी शिपायाच्या खिशात मावेल अशी त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली आणि ती कशी कशी बांधावी याची चित्रे त्या पट्टीवरच छापून दिली, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळावी. १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. खाणीतले मजूर, रेल्वेचे हमाल, पोलिसांचे शिपाई अशा सामान्य लोकांना काही व्याख्याने द्यावीत, त्यांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होतील त्यांना प्रमाणपत्र द्यावे, हा तिचा उपक्रम. वैद्य नसलेल्या माणसाने वैद्य येईपर्यंत काय करावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करू नये, याची मर्यादा प्रथमच कागदावर आली. साम्राज्याबरोबर ही संस्था हिंदुस्थानात आली, तरी संस्थानी मुलखातील डोंगरखोऱ्यांपर्यंत तिचा हात फारसा पोचण्याचे कारण नव्हते.

तो पोचला १९४८ नंतर, आणि या एका सालाची संगती मोठी विलक्षण आहे. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेले भोरचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली. आणि त्याच वर्षी संमत झालेल्या कारखाने अधिनियमाने असा दंडक घातला, की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी असावी आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी. एका बाजूस वंशपरंपरेच्या सनदांचा अंमल संपत होता, आणि दुसऱ्या बाजूस परीक्षेने मिळणाऱ्या दाखल्याचा अंमल सुरू होत होता. भोरच्या राजवाड्यातील कारकुनांना यांचा काही संबंध आहे असे तेव्हा स्वप्नातही आले नसेल.

कारखाने भोरच्या बाजूस पुष्कळ उशिरा आले, आणि तेही मुख्यतः महामार्गाच्या कडेने, शिरवळच्या आसपास. परंतु मोटार आली, आणि मोटारीबरोबर कंडक्टर आला. कंडक्टरचा बिल्ला मिळवण्यास जे कागद लागतात, त्यांत प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र हा एक कागद आहे, ही गोष्ट रोज तिकीट काढणाऱ्या प्रवाशांपैकी शंभरातील एकालाही ठाऊक नसावी. तिकिटांची पेटी, घंटीची दोरी आणि सुट्या पैशांची वादावादी यांच्या आड हा गृहस्थ शिकवलेला प्रथमोपचारक आहे, निदान कागदोपत्री तरी आहे. वेल्ह्याच्या पश्चिमेकडे, जेथे डांबरी रस्ता संपून पुढे पायवाट लागते तेथे संध्याकाळची गाडी मुक्कामी राहते. चालक आणि वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकतात आणि पहाटे गाडी परत निघते. त्या रात्रीपुरता त्या गावात प्रथमोपचाराचा दाखला असलेला माणूस बहुधा तो एकच असतो. त्याचा उपयोग करून घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही, हा भाग वेगळा. आणि बिल्ला हातात पडल्यावर तो पाठ त्याच्याही किती ध्यानात राहत असेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

उलटपक्षी, प्रमाणपत्र नसलेल्या या मुलखाने पुस्तकाला शिकवावे अशीही एक गोष्ट आहे. दोन काठ्या आणि एक कांबळे यांची तात्पुरती डोली कशी करावी, हा प्रथमोपचाराच्या प्रत्येक पुस्तकातील ठरलेला धडा; शहरातील विद्यार्थी तो मोठ्या कौतुकाने करून पाहतात आणि पहिल्या खेपेस आजाऱ्याची भूमिका घेतलेल्या मित्राला हमखास पाडतात. वेल्ह्याच्या धनगरवाड्यांवर ही विद्या शिकवण्याची गरज नाही. मजबूत बांबूला घोंगडीची झोळी बांधावी, आजारी माणसाला तीत निजवावे, पुढे दोघे मागे दोघे धरावेत, उतारावर त्याचे डोके चढाच्या बाजूस राहील असे पाहावे, आणि दर थोड्या अंतरावर खांदा बदलावा, हे त्या माणसांच्या हाडीमाशी भिनलेले आहे. मढे घाटाच्या बाजूने किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांवरून पावसाळ्यात बाळंतीण खाली आणावयाची, तर याखेरीज दुसरे वाहन नसे.

हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याची युक्ती मात्र कोणत्याही परंपरेत नव्हती, आणि तिचा उगम वैद्यकात असण्याऐवजी विजेच्या धंद्यात आहे. तारांवर काम करणारी माणसे धक्क्याने मरत, म्हणून अमेरिकेतील वीज कंपन्यांनी संशोधनास पैसा दिला, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियंते त्या कामास लागले. प्रयोगातील कुत्र्याच्या छातीवर विजेची जड उपकरणे दाबून धरली की रक्तदाब वाढतो, हे त्यांच्या नीकरबॉकर नावाच्या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आले. त्यावरून छाती न फाडता बाहेरून दाब देण्याची रीत सिद्ध झाली आणि १९६० साली ती प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी दोनतीन वर्षे बाल्टिमोर येथेच पीटर सफार यांनी, स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांचे स्नायू औषधाने शिथिल करून, तोंडाने भरलेला श्वास पुरेसा होतो हे दाखवून दिले होते. दोन्ही युक्त्या एकत्र आल्या आणि आज ज्याला सारे सीपीआर म्हणतात ते शास्त्र उभे राहिले.

आपल्याकडे १९५६ च्या वीज नियमांनी प्रत्येक वीजगृहात आणि उपकेंद्रात धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचना स्थानिक भाषेत टांगून ठेवणे सक्तीचे केले. १९५६ हे साल लक्षात घ्यावे. त्यावेळी जी रीत मान्य होती ती पालथ्या माणसाच्या पाठीवर दाब देण्याची. शेफर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने ती १९०३ साली सांगितली होती आणि नील्सन या डॅनिश अधिकाऱ्याने १९३२ मध्ये तिच्यात सुधारणा केली होती. परिणाम असा, की अनेक ठिकाणी भिंतीवरच्या तक्त्यात पिवळ्या पडलेल्या काचेआड एक मनुष्य पालथा पडलेला आहे आणि दुसरा त्याच्या पाठीवर वाकलेला आहे. शास्त्राने त्या माणसाला उताणा करून कित्येक दशके लोटली. तक्त्यातला पालथाच आहे.

मला या साऱ्या इतिहासात जे सर्वांत लक्षणीय वाटते, ते हेच. जुन्या वतनदार विद्येत दोष होते तसे या परीक्षेच्या विद्येतही होते, आणि तिने ते मोठ्या अधिकारवाणीने शिकवले. भाजलेल्या अंगास चुन्याची निवळी आणि तेल घोटून लावावे, हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय. विलायती पुस्तकांतही जवसाचे तेल आणि चुन्याचे पाणी यांचे हेच मिश्रण दीर्घकाळ मानाने नांदत होते. आज दोघांचीही नावे पुस्तकातून खारीज झाली आहेत आणि वीस मिनिटे वाहते गार पाणी एवढेच राहिले आहे. सर्पदंशावर दंशाच्या वर करकचून बंध बांधावा, हे सुश्रुताने सांगितले, भगताने केले आणि प्रथमोपचाराच्या वर्गातही अनेक वर्षे शिकवले गेले. आता असा बंध बांधू नये, चिरू नये, चोखू नये, तो अवयव स्थिर ठेवून माणसाला शक्य तितक्या लवकर प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे, असा दंडक आहे. रक्तस्राव थांबवण्याच्या आवळपट्टीचे दैव तर याहून चमत्कारिक: एकेकाळी मान्य, मध्ये त्याज्य, आणि अलीकडच्या युद्धांतील अनुभवानंतर हातापायांच्या प्राणघातक रक्तस्रावासाठी पुन्हा मान्य.

भोरच्या भगतापाशी आणि सेंट जॉनच्या पुस्तकापाशी चूक कधी कधी एकच होती; फरक पडला तो पुढे. भगत दंश झालेल्याला कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खावयास देई, पाला कडू लागला किंवा मिरची तिखट लागली तर विष चढले नाही असा निर्वाळा देई, आणि ही कसोटी खोटी ठरली तरी ती बदलण्याचे त्याला कारण नव्हते, कारण त्याच्या हक्काला मुदत नव्हती. प्रमाणपत्राला मुदत आहे. दोन किंवा तीन वर्षांनी ते रद्दी होते, पुन्हा वर्गात बसावे लागते, आणि मागच्या खेपेस जे शिकवले त्यातले काय खोडले हे निमूटपणे ऐकून घ्यावे लागते. पुष्कळांना हा पैसे उकळण्याचा प्रकार वाटतो, आणि काही ठिकाणी तो तसा असेलही. परंतु इनामपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ लिहून घेण्याची ज्या मुलखाला सवय होती, तेथे आपल्याच अज्ञानाची तारीख स्वतःवर छापून घेणारा हा कागद मला आदरणीय वाटतो.

वर्ग पाहावा तर तो काही भव्य नसतो. सतरंजीवर कमरेपासून वरचा एक रबरी देह उताणा ठेवलेला असतो, त्याला सारे डमी म्हणतात. नॉर्वेतील लेर्डाल नावाच्या खेळणी करणाऱ्याने १९६० साली असा पहिला देह घडवला आणि सीन नदीत सापडलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका अनामिक मुलीचा चेहरा त्याला दिला. शिकणारा गुडघे टेकून बसतो, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा आणि त्यावर दुसरा हात ठेवतो, आणि पहिल्या पाचदहा दाबांतच शिक्षक ओरडतात, ‘‘कोपरं वाकवू नका, मोठ्यानं मोजा!’’ पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि दर दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावयाची. पुरेसा दाब पडला की आतून टक् असा आवाज येतो. दोन मिनिटांत चांगल्या तालमीतल्या गड्यालाही घाम फुटतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावयाचा असतो. खांदा बदलण्याचा नियम येथेही आहेच. परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच वाटून लोक काहीच करीत नाहीत, असा अनुभव आल्यामुळे भारतातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी श्वासाचा भाग गाळून नुसत्या दाबांचीच पद्धत सांगितली. बुडालेल्याच्या बाबतीत मात्र श्वास द्यावाच लागतो, आणि पाच जलाशयांच्या काठी राहणाऱ्यांनी हा अपवाद नियमाइतकाच पाठ करावा.

सुईणीच्या थाळीपाशी जो प्रश्न अडला होता, त्याचे उत्तरही महाराष्ट्रातच निघाले, मात्र ते मावळात निघाले नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाच्या तोंडावर मुखवटा ठेवून श्वास देण्यास शिकवले, आणि बालमृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे घरोघर जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ती रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात शिरली. सामान्य बाईच्या हाती हे देणे धोक्याचे, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते.

धोका म्हणाल तर आपल्या लोकांना रोग्यापेक्षा पंचनाम्याचे भय अधिक होते. कात्रज किंवा खंबाटकीच्या घाटात अपघात झाला, की लोक थांबत, हळहळत आणि साक्षीस जावे लागेल म्हणून पुढे जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आले. मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती उरली नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आली. तरी रक्त न पोचलेला मेंदू चारसहा मिनिटांत कायमचा बिघडू लागतो, आणि महामार्गालगतच्या नसरापूरहून डोंगरातल्या केळदला पोचण्यास मोटारीला त्याच्या कैकपट वेळ लागतो, हा हिशेब कोणत्याही कायद्याने बदलत नाही.

तेव्हा वर्ग भरवावयाचे ते कोठे आणि केव्हा, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तालुक्याच्या ठिकाणी सभागृहात जुलै महिन्यात, असे जे सोयीने दिले जाते ते मला चुकीचे वाटते. जुलैत लावणी असते, वाड्यांवरून कोणी येत नाही, आणि तोवर बुडण्याचा उन्हाळी हंगाम उलटून गेलेला असतो. वैशाखात, शेताची भाजणी उरकल्यावर, एक वर्ग आणि भात झोडून झाल्यावर मार्गशीर्षात, गडांवर सहलींची गर्दी सुरू होण्याच्या सुमारास, दुसरा. आणि तोही भोर किंवा वेल्हे गावात न ठेवता भुतोंडे, हिर्डोशी, पासली, केळद अशा आडबाजूच्या गावांना, मुक्कामी गाडी आल्यावर संध्याकाळी, म्हणजे कंडक्टरलाही आपला जुना दाखला ताजा करून घेता येईल.